यंत्राचे अंतरंग खुले करणारा कारागीर : डेनिस रिची

थोरांची चरित्रे वाचावीत, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ही चरित्रे बहुधा राजांची, संतांची, समाजसुधारकांची किंवा देशासाठी तुरुंगात गेलेल्या पुढाऱ्यांची असतात. त्यांच्या पंक्तीला आज मी एका वेगळ्याच माणसाला बसविणार आहे. त्याने लढाई केली नाही, सभा गाजविली नाही, पक्ष काढला नाही. चाळीस वर्षे एकाच संस्थेत त्याने नोकरी केली. तरीही आपण बँकेत पैसे भरतो, परीक्षेचा अर्ज पाठवितो किंवा मोबाइलवर बोलतो, तेव्हा त्याच्या हातच्या कामाचा कोठला ना कोठला धागा आपल्या कामी आलेला असतो. डेनिस रिची हे त्याचे नाव. संगणक शिकणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असते. आम्हा कला शाखेच्या मुलामुलींच्या कानावरून मात्र ते सहसा जात नाही.

मग मराठी विषय घेतलेल्या मुलीने या माणसाचे चरित्र का लिहावे? त्याचे कारण माझ्या घरात आहे. माझे वडील शेवगाव तालुक्यातील एका खेड्यात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देतात. त्यांची शाळा सातवीत सुटली. कोणत्याही तंत्रशाळेची पायरी ते चढले नाहीत. पहिली मोटार त्यांनी उघडून पाहिली, तारेचे वेढे मोजले, ते एका वहीत लिहून ठेवले आणि तितकेच वेढे पुन्हा घातले. ती वही अजून आहे आणि दुकानात शिकायला येणाऱ्या पोराला ते ती खुशाल पाहू देतात. मोटारीचे झाकण कधी उघडताच आले नसते, तर वडील कारागीर झाले नसते, आणि घरातली पहिली मुलगी म्हणून मी महाविद्यालयात आले नसते. उघडून पाहता येणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे मला म्हणूनच वेगळे सांगावे लागत नाही.

संगणकाच्या बाबतीत मात्र हे उघडून पाहणे सोपे नसते. तालुक्याच्या गावी एका वर्गात मी तीन महिने संगणक शिकले. तेथे कोठे दाबले म्हणजे काय होते, एवढेच पाठ करून घेतले गेले. आत काय चालते, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नसे. माणूस आपल्या आज्ञा आधी वाचता येईल अशा भाषेत लिहितो. तिला मूळ आज्ञावली म्हणू. पुढे तिचे रूपांतर शून्य आणि एक यांच्या लांबच लांब रांगांत होते. ते यंत्राला कळते, पण माणसाला वाचणे जवळजवळ अशक्य असते. दुकानात विकत मिळणारे सॉफ्टवेअर बहुतेक वेळा या दुसऱ्या रूपात असते. ते वापरता येते, पण त्यात डोकावता येत नाही. याउलट मूळ आज्ञावलीही सोबत द्यावयाची, ती वाचण्याची, सुधारण्याची आणि सुधारलेली प्रत दुसऱ्याला देण्याची मोकळीक ठेवावयाची, या पद्धतीला मुक्तस्रोत असे नाव आहे. लिनक्स ही कार्यप्रणाली तिचे सर्वांत मोठे उदाहरण. कार्यप्रणाली म्हणजे घरातली कर्ती बाई. कोणाला किती वाढायचे, कोणाची पाळी आधी, कोणती वस्तू कोठल्या फळीवर ठेवली आहे, हे सारे तीच पाहते. लिनक्सची वंशावळ शोधीत मागे गेले की आपण डेनिस रिची यांच्या दाराशी येऊन पोहोचतो.

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेत न्यू यॉर्क राज्यातील ब्राँक्सव्हिल या गावी झाला. वडील ॲलिस्टर रिची हे बेल प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. टेलिफोनची जोडणी करणाऱ्या स्विचिंग मंडलांवरील एका ग्रंथाचे ते सहलेखक होते. तेव्हा विद्येची परंपरा घरातच होती. आपल्यासारखी पहिली पायरी चढण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी पदार्थविज्ञानाची पदवी घेतली आणि पुढे उपयोजित गणिताचा अभ्यास केला. विद्यार्थिदशेतच एका व्याख्यानामुळे त्यांचे मन संगणकाकडे वळले. १९६८ साली त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध लिहून तयार होता, परंतु त्याची बांधीव प्रत त्यांनी विद्यापीठात जमा केली नाही आणि पदवी राहून गेली, असे सांगतात. त्याआधीच, १९६७ साली, ते वडिलांच्याच बेल प्रयोगशाळेत रुजू झाले होते.

तेव्हाचे संगणक खोली व्यापणारे आणि अतिशय महाग असत. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यावयाचा आणि उत्तरासाठी तासन् तास थांबावयाचे, अशी रीत होती. ही रीत मोडण्यासाठी मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्था, जनरल इलेक्ट्रिक कंपनी आणि बेल प्रयोगशाळा यांनी मिळून मल्टिक्स नावाची कार्यप्रणाली हाती घेतली होती. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी बसून काम करावे, ही तिच्यामागची कल्पना. परंतु काम लांबत गेले, खर्च वाढत गेला आणि १९६९ साली बेल प्रयोगशाळेने त्यातून अंग काढून घेतले.

रिची आणि त्यांचे सहकारी केन टॉम्प्सन यांना या निर्णयाची फार चुटपुट लागली. ती कशाची, हे रिची यांनी पुढे एका लेखात सांगितले आहे. त्यांना केवळ प्रोग्राम लिहिण्याची चांगली सोय नको होती. जिच्याभोवती माणसांचा मेळा जमेल, एकाचे काम दुसऱ्याला दिसेल आणि त्यातून जवळीक वाढेल, अशी व्यवस्था त्यांना हवी होती. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. यंत्राची योजना आखताना त्यांच्या डोळ्यांसमोर माणसांची सोबत होती.

त्याच उन्हाळ्यात टॉम्प्सन यांनी कोणी फारसे न वापरलेला पीडीपी-७ हा लहान संगणक गाठला आणि सुमारे महिनाभरात नव्या कार्यप्रणालीचा सांगाडा उभा केला. मल्टिक्सवर कोटी करून पुढे तिचे युनिक्स असे नाव पडले. नवे यंत्र मागावयाचे तर वरिष्ठांना कारण द्यावे लागणार. तेव्हा पेटंट विभागाच्या मजकुराची टंकलेखनव्यवस्था करून देऊ, असे आश्वासन देऊन त्यांनी पीडीपी-११ हा संगणक पदरात पाडून घेतला. १९७१ साली पेटंट विभागातील टंकलेखिका युनिक्सवर काम करू लागल्या. सरकारी कचेरीतून एखादी मंजुरी मिळविताना आपल्याकडेही अशीच युक्ती लढवावी लागते, हे वाचून गंमत वाटते.

रिची यांचे स्वतःचे सर्वांत मोठे काम यानंतरचे. टॉम्प्सन यांच्या बी या भाषेत सुधारणा करीत त्यांनी १९७१ ते १९७३ या काळात सी ही नवी संगणकभाषा घडविली. १९७३ साली युनिक्सचा गाभा या भाषेत पुन्हा लिहिला गेला. याचे महत्त्व असे, की तोवर कार्यप्रणाली बहुधा त्या त्या यंत्राच्या खास भाषेत लिहीत. शिंप्याने एकाच माणसाच्या मापाचा सदरा शिवावा, तशी ती दुसऱ्या यंत्राला बसत नसे. सी भाषेतले युनिक्स थोड्या फेरफाराने दुसऱ्या यंत्रावर नेता येऊ लागले. शिवाय ते माणसाला वाचता येत होते. १९७८ साली ब्रायन कर्निघन यांच्यासह रिची यांनी या भाषेवर पुस्तक लिहिले. जेमतेम सव्वादोनशे पानांचे हे पुस्तक आजही आदर्श मानले जाते. त्यात शब्दांचा पसारा नाही, विद्वत्तेचे प्रदर्शन नाही. प्रोग्रामकडून जगाला नमस्कार छापून घेणे हा जो पहिला धडा आज जगभर गिरविला जातो, तो याच पुस्तकामुळे रूढ झाला.

युनिक्स जगभर पसरले, त्याला कायद्यातला एक योगायोगही कारण झाला. बेल प्रयोगशाळेची मालक असलेली एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी जवळजवळ मक्तेदार होती. १९५६ साली न्यायालयात झालेल्या तडजोडीने तिला टेलिफोनखेरीज दुसरा धंदा करण्यास मनाई झाली होती. त्यामुळे युनिक्स बाजारात मांडून विकता येईना. १९७४ च्या जुलैत रिची आणि टॉम्प्सन यांचा युनिक्सवरील निबंध प्रसिद्ध झाला आणि विद्यापीठांकडून मागणी येऊ लागली. कंपनीने नाममात्र शुल्क घेऊन, मूळ आज्ञावलीसह, युनिक्सच्या फिती पाठविण्यास सुरुवात केली. बिघाड झाल्यास कंपनी दुरुस्त करून देणार नव्हती. मग घेणाऱ्यांनीच एकमेकांस मदत करावयाची असे ठरले. त्याच वर्षी न्यू यॉर्कमध्ये युनिक्स वापरणाऱ्यांचा पहिला मेळावा भरला. एकाने दोष शोधावा, दुसऱ्याने तो दुरुस्त करावा, तिसऱ्याने ती दुरुस्ती सर्वांना कळवावी, असा परिपाठ पडला. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी तर इतकी भर घातली, की १९७८ पासून बर्कलीची स्वतंत्र आवृत्तीच निघू लागली.

येथे मला आपल्याच जिल्ह्यातील नेवाशाची आठवण होते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरांनी गीतेचे तत्त्वज्ञान मराठीत आणले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, अशी परंपरा आहे. संस्कृताच्या कड्याकुलुपात असलेले ज्ञान त्या दिवसापासून ऐकणाऱ्या कोणाचेही झाले. पुढे हातोहात प्रती झाल्या, प्रतींत पाठभेद शिरले, आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी अनेक प्रती पडताळून शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ आणि यंत्र यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. ज्ञानेश्वरीची थोरवी वेगळीच आहे. परंतु समजेल अशा भाषेत लिहिणे, प्रत करू देणे, प्रतींतील चुका कोणीतरी जबाबदारीने दुरुस्त करणे, आणि या साऱ्याभोवती माणसांचा मेळा जमणे, ही रीत आपल्याला परकी नाही, एवढेच सांगावयाचे आहे.

रिची यांच्या युनिक्सला मात्र पुढे कुलूप लागले. ऑस्ट्रेलियातील जॉन लायन्स नावाच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांसाठी युनिक्सच्या गाभ्याची मूळ आज्ञावली आणि तिच्यावरील टीका अशी दोन पुस्तके १९७६-७७ मध्ये तयार केली होती. त्या गाभ्याच्या ओळी दहा हजारांहून कमी होत्या. मेहनती विद्यार्थ्याला एका सत्रात संपूर्ण कार्यप्रणाली वाचता येत असे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून कंपनीने मूळ आज्ञावली वर्गात शिकविण्यास बंदी केली. तेव्हा लायन्स यांच्या पुस्तकाच्या छायाप्रती, प्रतीवरून प्रत काढीत, जगभर गुपचूप फिरू लागल्या. अक्षरे पुसट होत गेली, पण वाचणारे वाढत गेले. रीतसर परवानगीने ते पुस्तक प्रसिद्ध व्हावयास १९९६ साल उजाडले. दरम्यान १९८४ मध्ये टेलिफोन कंपनीचे विभाजन झाले, तिच्यावरील जुनी बंधने उठली आणि युनिक्स हा रोकडा व्यापार झाला.

कुलूप लागले म्हणूनच काही जणांना ते खुपले. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये युनिक्ससारखीच पण सर्वांना मोकळी अशी कार्यप्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. त्यांनी १९८९ मध्ये असा परवाना प्रसिद्ध केला, की घेणाऱ्याने बदल करून प्रत दुसऱ्याला दिली, तर मूळ आज्ञावलीही तितक्याच मोकळेपणाने द्यावी लागते. हॉलंडमधील प्राध्यापक टॅनेनबॉम यांनी शिकविण्यासाठी १९८७ मध्ये मिनिक्स ही लहान प्रणाली लिहिली. ती अभ्यासून हेलसिंकीच्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या हौशी प्रयत्नाची वार्ता जगाला दिली. तो लिनस टॉरव्हाल्ड्स, आणि ती प्रणाली लिनक्स. तिच्यात युनिक्सच्या मूळ आज्ञावलीची नक्कल नाही. मात्र तिची घडण युनिक्सची आहे आणि भाषा रिची यांची सी आहे. आज अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात लिनक्सचा गाभा असतो. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे संगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालत आला आहे.

आम्हा मराठीच्या विद्यार्थ्यांनी तर आणखी एका ऋणाची नोंद ठेवली पाहिजे. १९९२ साली टॉम्प्सन आणि रॉब पाइक या रिची यांच्या सहकाऱ्यांनी, प्लॅन नाइन या नव्या प्रणालीसाठी, जगातील सर्व लिपी एकाच पद्धतीने साठविण्याची रीत योजिली. यूटीएफ-८ असे तिचे नाव. देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्ह तिच्यात तीन बाइट जागा घेते. आज आपण संगणकावर मराठी लिहितो आणि ते दुसऱ्याच्या यंत्रावर जसेच्या तसे उमटते, ते या रीतीमुळे. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या त्या प्रयोगशाळेत आपल्या अ-आ-इ-ईची सोय झाली होती, हे कळले तेव्हा मला मोठे नवल वाटले.

मानसन्मान रिची यांच्याकडे चालत आले. १९८३ चे ट्युरिंग पारितोषिक टॉम्प्सन यांच्यासह मिळाले. अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक आणि २०११ चे जपान पारितोषिकही मिळाले. तरी राहणी साधी आणि स्वभाव संकोची. दुपारी प्रयोगशाळेत यावयाचे आणि रात्री उशिरापर्यंत काम करावयाचे, हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी विवाह केला नाही. सहकारी त्यांना नावाच्या तीन आद्याक्षरांनी, डीएमआर म्हणून, ओळखीत. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. पुढे प्रकृती खालावली आणि १२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतील राहत्या घरी ते मृतावस्थेत आढळले. वय सत्तर. त्याच्या आठवडाभर आधी ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स वारले होते आणि जगभरची वृत्तपत्रे त्या बातमीने भरून गेली होती. रिची यांच्या वाट्याला त्यामानाने थोड्याच ओळी आल्या. ॲपलच्या यंत्रांतील प्रणालीचे मूळही बर्कलीच्या युनिक्समध्ये आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी आली. फेडोरा या लिनक्स परिवारातील समूहाने मात्र नोव्हेंबर २०११ ची आपली आवृत्ती त्यांच्या स्मृतीस अर्पण केली.

रिची यांना मुक्तस्रोत चळवळीचे जनक म्हणणे सत्याला धरून होणार नाही. युनिक्स त्यांच्या मालकीचे नव्हते, कंपनीचे होते. ते नोकर होते. कुलूप लावण्याचा निर्णय त्यांचा नव्हता आणि ते तोडण्याचा झेंडाही त्यांनी खांद्यावर घेतला नाही. झेंडा स्टॉलमन यांनी घेतला आणि त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मग रिची यांची थोरवी कशात? माझ्या अल्पमतीनुसार ती अशी, की त्यांनी वाचण्यासारखे लिहिले. दार उघडे ठेवणे ही एक गोष्ट झाली. परंतु आत शिरणाऱ्याला काहीच उमगणार नसेल, तर उघड्या दाराचा उपयोग काय? दहा हजार ओळींच्या आत मावणारी, सुटसुटीत, परक्या विद्यार्थ्याला वाचून समजेल अशी कार्यप्रणाली त्यांनी आणि टॉम्प्सन यांनी घडविली. म्हणून ती बंद झाल्यावरही लोकांना पुन्हा स्वतःच्या हाताने उभी करता आली. समजलेली गोष्ट कुलपात ठेवता येत नाही.

हा विचार आम्हा पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना फार जवळचा आहे. महाविद्यालयाचे दार आमच्यासाठी उघडले, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. तरीही वर्गात बसून न कळणाऱ्या इंग्रजी पुस्तकांसमोर आमच्यातील कितीजण मुकाट्याने मागे पडतात, हे प्राध्यापकवर्ग जाणतोच. संगणकाबाबत थोडी सोय झाली आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने लिनक्सचे आणि इतर मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य दिले आहेत. लिनक्सवरील सूचना आणि शब्द मराठीत आणण्याचे काम अनेक स्वयंसेवकांनी केले आहे. या कामात चांगले मराठी जाणणाऱ्यांची गरज असते, प्रोग्राम लिहिता येण्याची नव्हे. सुटसुटीत, खेड्यातल्या मुलीला कळेल असा शब्द सुचविणे हे तर आमच्या मराठी विभागाचेच काम. पुढील वर्षी पाचदहा जणांनी मिळून ते हाती घ्यावे, अशी माझी सहाध्यायांना विनंती आहे. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. आपल्याला जे समजले ते दुसऱ्याला समजेल असे लिहिण्याची तयारी मात्र लागते.